उरलेले पाच टक्के

माझ्या पणजीनं, टॅबिथा रिमरनं,
अठराशे एकसष्टच्या एका सोमवारी चादर वाळत घातली
आणि संध्याकाळी चाळण काढून आणली.
विडनेसच्या त्या गल्लीत सगळ्यांचीच गत ती.
सोड्याच्या कारखान्याचा धूर आंबट होता,
जिभेवर बसायचा, दाराची पितळी कडी हिरवी करायचा.
पण चादरींसाठी कायदा होत नाही.
पलीकडच्या उमरावाचे ओक वाळले
तेव्हा कुठे लंडनला खोकला आला.

त्रेसष्ट साली ठरलं:
शंभरातले पंच्याण्णव भाग आम्ल पाण्यात जिरवायचं.
मास्तरांनी चर्चच्या पायरीवर वाचून दाखवलं.
पणजीनं विचारलं म्हणे,
आणि बाकीचे पाच कुठं राहणार?
मास्तर चष्मा पुसत बसले.

ते आमच्या गल्लीत राहिले.
भाडं न देता.

पंच्याण्णव पाण्यात जिरले, पाणी ओढ्यात गेलं.
ओढ्याबद्दल कायद्यात अवाक्षर नव्हतं.
इलाय फेअरहर्स्ट नावाचा निरीक्षक यायचा,
निळा कागद हवेत धरायचा,
तो लाल झाला की वहीत लिहायचा,
आणि ओढ्यावरच्या फळीवरून नाक दाबून परत जायचा.
ओढा त्याच्या खात्यात नव्हता.

तेरा वर्षांनी नद्यांचा कायदा आला.
त्यात एक शब्द होता: व्यवहार्य.
इतका ऐसपैस शब्द,
की माझा आजोबा त्यातून रोज
चुन्याची घोडागाडी वळवून आणायचा.

मग बावन्नचा डिसेंबर.
विनिफ्रेड मावशीचं पत्र आलं लंडनहून,
पाकिटाच्या घडीत काजळी:
बसपुढे कंडक्टर मशाल घेऊन चालतो आहे,
मला माझीच पावलं दिसत नाहीत,
हर्बर्ट चौथ्या रात्री गेला.
स्वच्छ हवेचा कायदा छप्पन्न साली झाला.
वरातीमागून घोडं एक वेळ बरं;
आमचा कायदा शवपेटीमागून यायचा,
टोपी काढून, हळू चालत.

मी एकतीस वर्षं नगरपालिकेच्या दप्तरात होते.
काम काय, तर जुन्या कलमांवर
दुरुस्तीच्या चिठ्ठ्या डिंकानं चिकटवायच्या.
काही पानं इतकी जाड झाली
की पुस्तक मिटेना.
खालचं मूळ वाक्य कुणी पाहिलं होतं?
मी पाहिलं होतं. चिकटवण्याआधी दर वेळी वाचायचे.
बरंच काही सुधारलं, खोटं कशाला बोलू.
ओढ्याला मासा आला आहे, बोटाएवढा.

काल दारावर नोटीस लागली, नव्या भट्टीची.
कशाचं किती चालेल, त्याचे आकडे.
दशांशचिन्हानंतर तीन शून्यं, मग एक चार.
मी चष्मा पुसला
आणि मास्तरांची आठवण झाली.

घरात कपडे वाळवायचं यंत्र आहे.
तरी सोमवारी एक चादर मी अंगणातच टाकते,
आणि तिन्हीसांजेला आत आणताना
दिव्यासमोर धरून पाहते.