खोली तीनशे सात

वेळापत्रकात लिहिलंय ‘सॉफ्ट स्किल्स’,
शुक्रवार, जेवणानंतर, खोली तीनशे सात.
खिडकीतून आडगावच्या द्राक्षबागा दिसतात,
पलीकडे हायवेवर कांद्याचे ट्रक.
मी तासिका तत्त्वावर. मानधन मिळतं,
म्हणजे मिळायचं आहे, जुलैपासून.

मी सांगतो, हात असा मिळवा :
ओल्या फडक्यासारखा नको, पान्यासारखाही नको.
साठ पोरं शेजाऱ्याचा हात धरतात
आणि हसत सुटतात.
वाटाघाटींच्या धड्याला मयुरी बोरस्ते उठते,
पिंपळगावची, व्यापाऱ्याला बांधावर
थोपवून धरताना आईला पाहिलेली.
सर, आमच्याकडे आधी गप्प बसतात.
जो पहिला आकडा बोलला, तो बुडाला.
मी फळ्यावरचं वाक्य पुसतो.

हिरामण भोये मात्र बोलतच नाही.
सुरगाण्याचा, मेकॅनिकल, तिसरं वर्ष.
गटचर्चेचा विषय : रोबो आणि रोजगार.
आठ जण एकदम बोलले,
नववा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला,
जसं कुणी पाण्याची धार कुठून येते ते बघतं.
नेतृत्व, आत्मविश्वास, नजरेला नजर :
तिन्ही रकान्यांत मी एकेक गुण दिला.
ते तीन एक
द्वारका सर्कलच्या सिग्नलपर्यंत टोचत होते.

मग अंबडची कारखाना-भेट.
मॅनेजरनं थंड खोलीत स्लाइड दाखवली,
हिरव्या अक्षरांत : शून्य अपघात.
मोजले तर एक पोरगं कमी.
भोये तिसऱ्या प्रेसपाशी होता.
ऑपरेटर पेठचा निघाला,
दोघं त्यांच्या बोलीत, जी मला अर्धीच कळते.
माणूस सांगत होता
बेअरिंगच्या आवाजाबद्दल, तीनदा कळवून
कुणी न ऐकलेल्या,
पोरीच्या दहावीबद्दल,
आणि आपल्या डाव्या हाताबद्दल,
जो त्यानं सगळा वेळ खिशात ठेवला होता.
वीस मिनिटं.
भोये एकूण चार वाक्यं बोलला असेल.
माझ्या तक्त्यात यासाठी रकाना नाही.

मी हे लॅबमधल्या शिरसाठांना सांगितलं.
ते कडकपणा मोजत होते :
धातूवर गोळी दाबायची,
उमटलेला खड्डा भिंगातून बघायचा.
पोलादावर जेमतेम टिंब,
मऊ तुकड्यावर रुंद, गोल, वाचता येईल असा ठसा.
मऊ म्हणजे वाईट नाही सर, ते म्हणाले,
बेअरिंगला आतून अस्तर मऊच लागतं,
नाहीतर शाफ्टच खाल्ला जातो.
आणि चहा मागवायला विसरले, नेहमीसारखे.

डिसेंबरात सराव-मुलाखती.
सातपूरच्या कंपनीतून एक साहेब आलेले.
भोयेचा शर्ट उसना, खांद्यांना मोठा.
स्वतःविषयी सांग म्हटल्यावर
त्याचं इंग्रजी दारातच अडखळलं :
‘आय... आय लिसन, सर. मशीन लिसन.’
मागे कुणीतरी फिसकन हसलं.
साहेबांनी घड्याळ पाहून शेवटचं विचारलं,
तुला काही विचारायचंय?
(मी शिकवलं होतं : कंपनीच्या प्रगतीबद्दल विचारा.)
भोयेनं पहिल्यांदाच नजर उचलली.
‘युवर प्रेस शॉप, सर.
हाऊ मेनी फिंगर?’

साहेबांचं पेन थांबलं.
मग ते मराठीत म्हणाले, बस, बस खाली,
आणि खोलीत पंख्याचाच आवाज उरला.
काय गुण दिले, मला दाखवले नाहीत.

आज सोमवार. प्राचार्यांच्या दारासमोर मी,
सकाळी आरशासमोर घोकलेलं वाक्य घेऊन :
‘सर, सहा महिन्यांचं मानधन...’
तळवा ओला, फडक्यासारखाच.
वाक्य तोंडात आहे तोवर चांगलं वाटतंय.
आत कुणीतरी फोनवर मोठ्यानं हसतंय.
जिन्यावरून भोये वर येतोय, हातात जर्नल.
तो थांबला. काही म्हणाला नाही. बघतोय.

मी दार ठोठावलं,
जरा जास्तच जोरात.