तिसरी सुई

अल्वानीत माझा दवाखाना म्हणजे
बंद पडलेल्या डेअरीची एक खोली.
भिंतींना अजून आंबूस वास आहे.
पिल्लं आत आली की आधी भिंत हुंगतात,
मग मला.

एप्रिलच्या अखेरीस नोदारनं मुराला आणलं,
कोटाच्या बाहीतून.
सात आठवड्यांची. पोट नगाऱ्यासारखं,
बरगड्या मात्र बोटांनी मोजाव्यात.
जंताचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी निरोप:
"शेवया पडल्या, डॉक्टर. वाटीभर."

पहिली सुई टोचली तेव्हा विचारलं त्यानं,
"तीन कशाला? मेंढीला एक पुरते."
मी म्हटलं, आईच्या दुधातून एक कवच येतं.
ते आहे तोवर माझी लस दारात जाते
आणि तशीच माघारी फिरते.
कवच कोणत्या दिवशी गळून पडेल
हे तिच्या आईला ठाऊक नाही,
मला तर नाहीच.
म्हणून तीन-तीन आठवड्यांनी जायचं,
कडी वाजवायची.
एकदा तरी कुणी घरात सापडेल.

नोदार मेंढपाळ. कडी त्याला कळली.
दुसऱ्या सुईला वेळेवर आला.
मुरा आता बाहीत मावत नव्हती,
बाहीच चावत होती.

तिसरी होती बारा जूनला.
पण बर्फ हटलं, अबानोची खिंड उघडली,
आणि मेंढ्यांना तारखा वाचता येत नाहीत.
कळप वर गेला, तुशेतीच्या कुरणांत.
त्याच्यासाठी ठेवलेल्या वेळेत मकवाला बाई आल्या,
शाळेत भूगोल शिकवतात,
लोकरी टोपीत मांजराचं पिल्लू घेऊन.
"हा बोका फार गुणी आहे," म्हणाल्या.
मी शेपूट उचलून पाहिली.
बोका मांजर निघाला.
बाई इतक्या हसल्या की चष्मा पडला,
आणि मी बारा तारीख विसरले.

वर एकाच दगडावर उभं राहिलं तर फोन लागतो.
त्या दगडावरून नोदार:
"काही खात नाही. मागून रक्त."
उकळलेलं पाणी, साखर, चिमूटभर मीठ,
चमच्याचमच्यानं, आणि लगेच खाली आण.
खिंडीत धुकं होतं.
मध्यरात्रीनंतर पोचला.
शीर सापडेना. सापडली.
पहाटे बाटलीत अर्धं सलाईन उरलं होतं
आणि ठिबकणं कुणासाठी नव्हतं.
मी नळी बंद केली.
नोदार कोटाची बाही उलटी करून
पुन्हा सुलटी करत बसला होता.

यंदा एप्रिलमध्ये पुन्हा तीच बाही.
आत भुरं काहीतरी, झोपलेलं.
टेबलावर त्यानं जुनं कार्ड ठेवलं,
दोन शिक्के, तिसरी चौकट कोरी.
"यातल्या दोन झाल्यात," म्हणाला,
"उरलेली हिला देऊन टाका."
अडाणी नाही तो. मलाही ठाऊक होतं
तो काय मागतोय ते.

मी नवं कार्ड काढलं.
जुनं त्यानं घडी न घालता खिशात ठेवलं.
वजन टाकलं, लशीचं लेबल चिकटवलं,
तिसरीची तारीख जरा ठळक लिहिली.
"कळप?"
"पुतण्या नेईल. मी मागून जाईन."

पिल्लू जागं झालं. भिंत हुंगायला गेलं.
मी पेन उघडंच धरून विचारलं,
"नाव काय लिहू?"

नोदार भिंतीकडे बघत राहिला.
"तिसरी होऊ दे," म्हणाला.