सदाफुली

बकऱ्यासुद्धा तोंड लावत नाहीत त्या झाडाला.
रेमानिन्त्सीनं ते जन्मभर उपटलं, वाळवलं,
पोत्यानं विकलं.
जहाज कुठं जातं, विचारलं नाही.

आता अंतानानारिवोत, तिसऱ्या खाटेवर,
हाओवाच्या शिरेत
तेच झाड थेंबथेंब परत येतंय.

नर्स सांगते : एका पेशीला दोन व्हायचं असतं
तेव्हा ती आत दोऱ्या ताणते.
हे औषध त्या वळूच देत नाही.
अर्ध्यावर अडकते, मरते.
‘कुठली पेशी?’
घाई असेल ती. केसांचीही.

लेकीची बोटं बधिर, बटण लागत नाही.
तो लावतो.
नखांत अजून दक्षिणेची लाल माती.
ती पाहत राहते, मग विचारते,
बाबा, बकऱ्यांना कसं कळतं?