इतिवृत्तात न घेतलेले

मिस्सा सुटला की ग्रामसभा.
पाद्री आवेलीन वेदीवरून एवढंच म्हणाले,
"मत कुणाला, ते मी सांगणार नाही.
डोंगर कुणाचा, ते मात्र विचारून या."

मी पंचायतीचा कारकून.
खुर्च्या मांडल्या होत्या चाळीस,
माणसं पार बाहेर, स्कूटरींवर बसलेली.
एर्मेलिंद उभी राहिली,
मिस्साचे बूट हातात, टाचा सोललेल्या:
"सर्व्हे नंबर एकशे चार.
झाडं तोडायला सही कुणाची?"
सरपंचांनी पाणी मागितलं.
मी लिहिलं: चर्चा झाली.

मग हात मोजले.
मोजणाराही एक हात वर गेला होता,
तो मी मोजला नाही.
तरी ठराव पडला.

पुढच्या रविवारी, म्हणे,
तीच बाई इगर्जीत उभी राहिली.
"पाद्र, फेस्ताच्या वर्गणीचा हिशेब?
आणि आमच्या कुणबी पोरांना
कॉन्फ्रारियाचा लाल झगा कधी?"

पंखे तेवढे ऐकू येत होते.
पाद्री बराच वेळ गप्प.
मग झग्याच्या खिशातून चाव्या काढून
वही आणायला आत गेले.

जुनी आहे म्हणतात ती वही.
वाळवी सोडली
तर आजवर कुणी वाचलेली नाही.