चिपटं

बचत गटाच्या बाया गहू अजून पायलीनं मोजतात,
म्हणून मी व्हेरिएबलांची नावं ठेवली होती
पायली, शेर, मापटं, चिपटं.
प्रोग्राम साधाच. कुरडयांचा हिशेब.
पण एक चिपटं अधिक एक चिपटं
पडद्यावर अकरा यायलं.
सुंद्राबाई म्हणल्या, राहू दे की, बरंच हाय.

जिंतुरात रात्री साडेबाराला लाइट आली
तेव्हा ग्रुपवर विचारलं.
चार हजार माणसं तिथं.
आधी नमस्कार घातला, मग माफी मागितली,
मग प्रश्न.

पहिला म्हणाला : आधी शोधा, मग विचारा.
दुसरा : हे येऊन गेलंय.
कुठं, ते नाही सांगितलं.
तिसऱ्यानं विचारलं, मुळात हीच भाषा का घेतली,
आणि त्यावरून चौथा पाचव्याला भिडला,
ओळीच्या आधी जागा चार सोडायच्या की दोन.
चाळीस निरोप.
नवरा-नवरी बाजूला,
मांडव मानपानावरून पेटलेला.

देवस्थळी सरांनी
(सगळे सरच म्हणतात, चेहरा कुणी पाहिला नाही)
एवढंच लिहिलं :
चिपटं? हा कोड आहे का मोंढा?
एकशे बारा जण हसले. मोजले मी.
मग मीही एक हसरा चेहरा टाकला.
काहून टाकला, ते अजून कळलं नाही.

पावणेतीनला खाजगीत निरोप. तस्लीम कादरी.
"ते अंक नाहीत, अक्षरं आहेत.
अक्षरं शेजारी बसतात, मिसळत नाहीत.
आधी अंक करून घ्या."
थोड्या वेळानं खाली अजून :
"गंगाखेडला आमच्या गल्लीत
साखर चिपट्यानंच उसनी न्यायचे.
रॉटरडॅमला आल्यापासून
हा शब्द आज पहिल्यांदा वाचला.
नाव बदलू नका."

सकाळी एक अधिक एक दोन झाले.
सुंद्राबाई जरा हिरमुसल्या.

त्याला आता तीन वर्षं.
तस्लीमबाई ग्रुप सोडून गेल्या, कधी ते दिसलं नाही.
माझं वजन वाढलंय,
मलाही कुणीकुणी सर म्हणतं.
परवा मानवतच्या एका पोरानं विचारलं :
नमस्कार, माफी, प्रश्न.
चहा निवायला लागला होता.
मी लिहिलं, आधी शोधा.
दोन शब्द.
सत्तावीस अंगठे लगोलग वर.

रात्री परत गेलो तर त्या जागी
निरोप काढून टाकल्याची राखाडी ओळ.
घाईत वाचलेल्यातलं एवढंच आठवतं,
त्यानं नाव ठेवलं होतं वावर
आणि कितीही भरलं तरी
वावर शून्य यायलं होतं.

उत्तर मला ठाऊक होतं.
एका ओळीचं होतं.