आधी बोट, मग दाभण

परळला तिसऱ्या मजल्यावर, जिन्यामागच्या अंधाऱ्या खोलीत
माझी नोकरी आहे :
पेशी बोळातून जाताना बघत बसणं.
बोळ तीन मायक्रॉन रुंद, आम्हीच कोरलेला
रबरासारख्या पारदर्शक वडीत.
पेशीचं काय, ती मऊ, कुठेही शिरते.
अडतं ते केंद्रक.
आत दोन मीटर धागा घड्या घालून कोंबलेला,
बाहेरून जाळीचं अस्तर,
आणि वाट अंगापेक्षा अरुंद.

रविवारी आण्णा आले. घराची किल्ली माझ्याकडे राहिली होती.
तेहमीना मॅडम नव्हत्या, म्हणून त्यांना स्टुलावर बसवलं.
दाणाबंदरात सव्वीस वर्षं पोती वाहिलेला माणूस.
उजव्या खांद्यावर घट्टा अजून आहे;
शिंपी विचारतो, काका, ही बाजू दोन बोटं खाली कशी?

पडद्यावर हिरवा ठिपका बोळाच्या तोंडाशी आला.
थांबला.
"आता उभं करंल ती," आण्णा म्हणाले.
काय?
"पोतं. दार अरुंद असलं की आडवं न्हाई न्यायचं."
आणि खरंच केंद्रक वळलं,
लांबट झालं, टोकाकडून आत घुसलं.

मी सांगत होते : केंद्रकाला सुरकुत्या असतात,
दाब आला की त्या ताणून सपाट होतात,
त्यावरूनच त्याला कळतं जागा किती उरलीय.
डोळे नाहीत, तरी मोजतं.
"मानंला कळतंय," ते म्हणाले. "काट्याच्या आधी मानंला.
हैबती तर उचलता उचलता सांगायचा,
शेटनं दीड किलो जादा भरलंय."

मध्येच एका टोकाला फुगा आला
आणि फुटला.
हिरवा रंग पेशीभर सांडला.
आण्णा स्टुलावरून उठलेच.
"बोट लाव! बोट लाव की तितं!"
कुणाला म्हणाले कोण जाणे. आवाज गोदामातला होता,
माझ्या जन्माआधीचा.

लावतात, आण्णा, मी म्हटलं.
एक प्रथिन असतं, सगळ्यात आधी तेच धावतं,
उघड्या पडलेल्या धाग्यावर बसून भोक बुजवतं.
मग बाकीची येतात, शिवणारी.
"म्हंजे दाभण." ते परत बसले.
"आधी बोट, मग दाभण आन् सुतळी.
उलटं केलं तर निम्मी डाळ रस्त्यावर."
मॅडमच्या शोधनिबंधात याला साडेचार पानं लागलीत.

पाऊण तास गेला. रंग हळूहळू गाभ्यात परत गोळा झाला.
धागा मात्र दोन ठिकाणी तुटला होता.
ते दुसऱ्या रंगात दिसतं.
तो रंग मी लावला नाही.

सांडलेलं झाडून न्यायला गोदामाच्या दाराशी
खराटे घेऊन बायका बसायच्या, आई त्यांतलीच.
खडे, माती, तूरडाळ एकत्र; निवडायचं घरी.
कधीकधी, आई सांगायची,
याचं बोट जरा उशिराच लागायचं
माझ्यासमोरच्या पोत्याला.
आण्णांनी हे कधी कबूल केलेलं नाही.

"पन पुढं जातीच कशाला ती?"
पलीकडे खाऊ ठेवलाय आम्ही. त्याच्या ओढीनं येते.
ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
"मुकादमाचं बी असंच. वाराई कायम पल्याड."

पेशी बाहेर पडली. केंद्रक पुन्हा गोल झालं,
जवळजवळ.
पुढे आणखी अकरा बोळ होते.

आण्णांनी किल्ली खिशात टाकली,
मान किंचित डावीकडे कलवली,
आणि अंग तिरकं करून
उजवा खांदा आधी घालत बाहेर पडले.
दार चांगलं रुंद होतं.