बद्द

रविवारी साडेआठला विश्रामबागेत वर्ग.
चौदा जण आम्ही, सगळे नोकरदार,
सगळ्यांच्या डब्यात शनिवारची भाजी.
वारा फिरला की मार्केट यार्डातली हळद
फळ्यापर्यंत येते.
सर लिहितात : माणूस कामावर कसा शिकतो?
मी वहीत उतरवून घेते, समास सोडून.
चव्वेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा समास सोडून.

सोमवारी कुपवाड. फाउंड्री.
दारावर पाटी : प्रशिक्षण विभाग.
विभाग म्हणजे मी, आणि एक प्रोजेक्टर
ज्याला वर्षातून दोनदा जाग येते.
माझ्या बेचाळीस स्लाइड. सत्तावीस सह्या.
मागच्या रांगेत झोपलेल्यांच्याही,
वळणदार.

भिंतीवर कौशल्यांचा तक्ता.
नाव, काम, पुढं गोल.
पाव भरलेला : बघितलंय.
अर्धा : करतो, कुणी शेजारी असलं तर.
पूर्ण काळा : दुसऱ्याला शिकवू शकतो.
दस्तगीर मुलाणींचा गोल
मी इथं लागायच्या आधीपासून काळा आहे.

त्यांचं काम म्हणजे थंड झालेल्या कास्टिंगवर
हातोडीचा एक हलका टोला.
टण्ण वाजलं, ट्रॉलीत.
बद्द वाजलं, तर आत कुठंतरी चीर आहे
डोळ्याला न दिसणारी. परत भट्टीत.

गृहपाठ होता :
आपल्या संस्थेतला शिकण्याचा एक प्रसंग,
पंधराशे शब्द, विश्लेषणासह.
म्हणून तीन दिवस मी त्यांच्यामागं स्टूल टाकून बसले.
हातोडी सुशांत ऐवळेच्या हातात.
आयटीआय, वय एकोणीस, मिशी नुकतीच.
मुलाणी काही सांगत नव्हते.
नुसता तळवा ठेवायचे लोखंडावर, सपाट,
तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि विचारायचे, "काय म्हणतंय?"
"बरं हाय."
"परत वाजीव."
"...बद्द."
"मग मगाशी कुणाला विचारून बरं म्हटलास?"

मी लिहीत होते : प्रश्नातून अध्यापन.
आधार हळूहळू काढून घेणे.
पानं भरत होती.

तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत
मशिनं बंद, पंख्याचा तेवढा आवाज,
मी मागून हाक मारली, मुलाणीचाचा.
पुन्हा मारली.
तिसऱ्यांदा जरा जोरात.
सुशांतनं माझ्याकडं बघितलं
आणि त्यांच्या खांद्याला हात लावला.

तेवढंच.

इअरप्लग वाटपाचं रजिस्टर माझ्याकडं असतं.
दर तिमाहीला त्यात त्यांची सही आहे.
कानात बोळे घालून टोला ऐकायचा कसा,
यासाठी त्यात रकाना नाही.
मीही कधी आखला नाही.

तर तळव्यानं ऐकतात ते. आणि पोराच्या कानानं.
कधीपासून, हे मी विचारलं नाही.
मार्चला रिटायर. अजून पाच महिने.

शनिवारी रात्री ओट्यावरची भांडी तशीच ठेवून
एक परिच्छेद लिहिला. चांगला झाला होता,
वर्गात वाचून दाखवावा असा.
फाडला.
कागदावर आलं की कागद फिरतो,
हे मला कुठल्या सेमिस्टरला नव्हतं,
कामावरच शिकले.
शब्द भरले बाराशे साठ.
संदर्भसूचीत शेवटी लिहिलं :
मुलाणी, दस्तगीर. कुपवाड. अप्रकाशित.

वही परत आली. तांबड्या शाईत,
'निरीक्षण चांगले. उलगडा अपुरा.
शिकवणारा गप्प का राहतो?'
आणि त्या संदर्भाखाली एक छोटं प्रश्नचिन्ह.

सोमवारी तक्त्यापुढं मार्कर उघडून उभी राहिले.
माझेच नियम, माझ्याच अक्षरात :
करतो, कुणी शेजारी असलं तर.
दोघांची नावं खाली-वर.
सुशांतचा पाव गोल अर्ध्यापर्यंत आणला.
वरचा काळा गोल होता तसा.
शाई वाळायला लागली तसं टोपण लावलं,
आणि शेडमधून टोला ऐकू आला.
मला अजून त्यातलं काही कळत नाही.
थांबले, पुढची ट्रॉली सरकते का ते बघायला.